संगणकातील हार्ड डिस्क कोणत्या पोर्टवर?

शाळा वा ग्रामपंचायतीच्या संगणकात एकाच कंपनीच्या दोन हार्ड डिस्क असल्यास, सदोष समजून चांगलीच डिस्क काढली जाण्याचा व तिच्यातील नोंदी पुसल्या जाण्याचा धोका संभवतो. हैदराबादकरांनी सुट्या भागांसाठी सिकंदराबादचे चेनॉय ट्रेड सेंटर गाठण्यापूर्वी, कोणती डिस्क मदरबोर्डच्या कोणत्या पोर्टला जोडली आहे, हे निश्चित करणे इष्ट होय.

वीज बंद करून सात पिनांची चपटी साटा केबल डिस्कपासून बोर्डपर्यंत पाहत जावी. पोर्टशेजारी क्रमांक छापलेला असतो. तो काही बोर्डांवर ०पासून, तर काहींवर १पासून सुरू होतो. बायॉसच्या यादीत त्या क्रमांकापुढे डिस्कचे नाव दिसते. दोन्ही नावे सारखीच असल्यास, पुन्हा वीज बंद करून एक केबल सोडवावी व संगणक सुरू करावा. यादीतील रिकामी झालेली जागा त्या डिस्कची. तिच्या लेबलावरील अनुक्रमांक तेव्हाच टिपून ठेवावा.

एम.२ प्रकारच्या डिस्कला केबल नसते. ती थेट बोर्डवरील खाचेत बसते. काही बोर्डांवर ही खाच वापरात येताच एखादा साटा पोर्ट बंद पडतो आणि तेथील धडधाकट डिस्क नादुरुस्त भासते. कोणता पोर्ट बंद होतो, हे बोर्डसोबतच्या पुस्तिकेत दिलेले असते. ती डिस्क दुसऱ्या पोर्टला जोडताच पुन्हा दिसू लागते.