वॉर्डात टिकायचं तर

सरकारी रुग्णालयाच्या मेडिसिन वॉर्डात मी स्टाफ नर्स आहे. नव्याने रुजू होणाऱ्या मुलींना या गोष्टी मी पहिल्याच आठवड्यात सांगते.

१. पाणी प्या. ड्यूटीत बाथरूमला जावं लागू नये म्हणून पाणीच न पिणाऱ्या कितीतरी सिस्टर मी पाहिल्यात. मग जळजळ, ताप, अँटिबायोटिक. पेशंटचं इनटेक-आउटपुट आपण मिलिलिटरमध्ये लिहितो, मग आपलं? औषधांची फेरी संपली की मी अर्धी बाटली संपवते, तहान असो-नसो.

२. नाइटनंतरची झोप हा ड्यूटीचाच भाग. घरच्यांना स्पष्ट सांगायचं : दुपारपर्यंत पडदे ओढलेले, फोन बंद, पाहुणे नाहीत. सकाळी घरी जाताना चहाही नको. पेंगत इन्सुलिन भरणं कुणालाच परवडत नाही.

३. स्वतःचं बोलणं ऐका. ‘सात नंबरच्या आजी’ची नुसती ‘सात नंबर’ झाली, नातेवाइकाने तेच पुन्हा विचारल्यावर चीड आली, की बर्नआउट सुरू झाल्याचं समजावं. मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मास्लाक यांनी बर्नआउटची तीन अंगं सांगितली : कमालीचा थकवा, माणसांविषयी आलेला कोरडेपणा आणि आपल्या हातून काही होत नाही ही भावना. आमच्याकडे कोरडेपणा आधी दिसतो, कारण थकवा सगळ्यांनी गृहीतच धरलेला असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटला आजार न म्हणता कामाच्या ठिकाणी नीट न हाताळलेल्या दीर्घ ताणाचा परिणाम म्हटलं. म्हणून कुणी स्वतःला कमकुवत समजू नये. आणि वॉर्ड खचाखच भरलेला असताना सिस्टर दोनच असतील, तर प्राणायाम पुरत नाही. जादा स्टाफ लेखी मागावा, पुन्हा पुन्हा मागावा.

४. मृत्यूनंतर थोडं थांबा. पेशंट गेला की कागदपत्रं, नातेवाईक, चादर बदलणं, आणि लगेच त्याच बेडवर नवीन अॅडमिशन. वॉर्ड दुसऱ्या सिस्टरवर सोपवून मी आणि त्या पेशंटजवळ असलेल्या मावशी ट्रीटमेंट रूममध्ये पाच मिनिटं बसतो. गेलेल्या माणसाचं नाव घेतो, शेवटी काय काय केलं ते बोलतो. एखादी रडते. मग हात धुऊन बाहेर येतो. इन्चार्ज सिस्टरांनी याला कधी आडकाठी केली नाही, याचं मोल मला फार वाटतं.

५. आठवड्याची सुट्टी उठसूट कुणाला देऊ नका.

६. झोप उडाली, रडू आवरेना, जगणं नकोसं वाटू लागलं, तर मैत्रिणीशी बोलण्यावर भागवू नका. डॉक्टरांना दाखवा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं. पेशंटला आपण तो देतोच, स्वतःच्याही फोनमध्ये आजच सेव्ह करा.