बाळाला काचेत ठेवायचंय? खर्च आधी समजून घ्या

महिन्याच्या आतलं बाळ दूध ओढत नसेल, गार किंवा गरम लागत असेल, श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त असेल, छाती आत ओढली जात असेल, झटके येत असतील, तर रक्तात जंतुसंसर्ग झालेला असू शकतो. यातलं एक लक्षण दिसलं तरी पुरे. सकाळची वाट पाहू नका, १०८ लावा. गाडीचे पैसे पडत नाहीत.

नाशिक जिल्ह्यातल्या नांदगाव भागात असाल तर तिथल्या ग्रामीण रुग्णालयात पहिली तपासणी होईल. काचेत ठेवायची वेळ आली तर सरकारी एसएनसीयू (आजारी नवजात बाळांचा विशेष कक्ष) मालेगावच्या सामान्य रुग्णालयात आणि नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात आहे. निघण्याआधी डॉक्टरांना तिथे फोन करून जागा विचारायला सांगा. अँटिबायोटिकचा पहिला डोस दिला असेल तर त्याची वेळ चिठ्ठीवर लिहून घ्या. वाटेत बाळ आईच्या उघड्या छातीशी ठेवा, डोक्याला टोपी, वरून पांघरूण. वाटेत गाडीवाला ‘ओळखीचं हॉस्पिटल’ सुचवू लागला तर ऐकू नका.

सरकारी कक्षात खर्च शून्य. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात वर्षाच्या आतल्या आजारी बाळाचे उपचार, औषधं, तपासण्या, रक्त आणि ने-आण मोफत आहे. तरीही बाहेरून औषध आणायची चिठ्ठी हातात पडली, तर आधी वैद्यकीय अधीक्षकांना दाखवा. आणावंच लागलं तर पक्कं बिल घ्या.

सोबत आईबापांचं आधार, रेशनकार्ड, प्रसूतीचं डिस्चार्ज कार्ड, माता-बाल संरक्षण कार्ड आणि जन्मनोंदीचा कागद ठेवा. कागद अपुरे असले तरी आधी बाळ न्या, कागद मागून येतील.

खासगीत जाणार असाल तर ते रुग्णालय महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आहे का, हे १५५३८८ वर विचारा. वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. भरती करतानाच रुग्णालयातल्या योजनेच्या माणसाला, म्हणजे आरोग्यमित्राला गाठा आणि कोणतं पॅकेज मंजूर झालं ते लिहून मागा. योजना नसेल तर फक्त बेडचा दर ऐकून ‘हो’ म्हणू नका. ऑक्सिजन किंवा व्हेंटिलेटर, डॉक्टरांच्या भेटी, सिरिंज-नळ्या, तपासण्या आणि भारी अँटिबायोटिक हे सगळं वेगळं लागतं. सगळं धरून दिवसाचा आकडा विचारा आणि १४ ने गुणा, कारण जंतू सापडले तर उपचार साधारण १० ते १४ दिवस चालतात. मेंदूच्या आवरणापर्यंत संसर्ग गेला असेल तर २१ दिवस धरा. दरपत्रक दर्शनी भागात लावणं रुग्णालयाला बंधनकारक आहे. औषध कुठल्या दुकानातून घ्यायचं, तो हक्क तुमचा.

पैसे आणि बाळ दोन्ही वाचवणारी तपासणी म्हणजे ब्लड कल्चर, रक्तातला जंतू शोधणारी. शक्यतो अँटिबायोटिक सुरू करण्याआधी रक्त घेतलं का, विचारा. अहवालाला दोन-तीन दिवस लागतात, पण इंजेक्शन त्यासाठी थांबवायचं नसतं. अहवाल आला की प्रत मागा आणि दोनच प्रश्न विचारा: जंतू सापडला असेल तर कोणतं औषध त्यावर चालतं? नसेल सापडला, तर अँटिबायोटिक बंद करता येईल का? निर्णय डॉक्टरांचाच, पण विचारायला संकोचू नका.

काचेतही नवा संसर्ग होतो, बहुतेकदा नळीतून किंवा हातांतून. म्हणून रोज विचारा, ‘ही नळी अजून लागते का?’ बाळाला हात लावण्याआधी अंगठी-बांगड्या काढा, कोपरापर्यंत साबणाने हात धुवा. आईचं दूध काढून देता येतं, दूध पावडरचा डबा विकत आणायची घाई नको.

बरं वाटतंय म्हणून सही करून बाळ मध्येच घरी आणू नका. पूर्ण डिस्चार्ज झाल्यावर कार्ड आशाताईंना दाखवा, त्या घरी येऊन वजन आणि ताप बघतात. पुढच्या तपासणीची तारीख कार्डावर लिहून घेतल्याशिवाय कक्षातून निघू नका.