कागदाचा ड्रॅगन आणि सोलापूरचे डॉ. कोटणीस : कार्यानुभवाचा एक पाठ



कागदाचा चिनी ड्रॅगन करायला पहिली ते चौथीच्या मुलांना फार आवडतो. रंगीत कागद, दोन काड्या आणि वाटीभर खळ एवढ्यावर काम होतं. पण हा उपक्रम घ्यायचा म्हटलं की एक प्रश्न येतोच. कधी मुलं विचारतात, कधी घरून येतो : "बाई, चीन आपला शत्रू आहे ना? मग त्यांचं कशाला करायचं?"

हा प्रश्न "गप्प बसा, कात्री घ्या" म्हणून टाळू नका. मूल टीव्हीवर काहीतरी ऐकतं, घरातलं बोलणं ऐकतं आणि त्यातून विचारतं. आपण मंद्रूपचे, म्हणजे दक्षिण सोलापूरचे. याचं उत्तर द्यायला आपल्याला जिल्ह्याबाहेर जावं लागत नाही.

आधी गोष्ट सांगा

डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. १९३७ साली जपानने चीनवर हल्ला केला. जखमींना डॉक्टर पुरेनात म्हणून चीनने भारताकडे मदत मागितली. १९३८ मध्ये काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं. तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस होते. त्या पाचांत आपले कोटणीस होते.

त्यांनी युद्धाच्या धामधुमीत शस्त्रक्रिया केल्या, चिनी भाषा शिकली, तिथल्या बेथ्यून रुग्णालयाची जबाबदारी सांभाळली. गुओ छिंगलान या परिचारिकेशी त्यांचं लग्न झालं. मुलाचं नाव ठेवलं यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. बाळ काही महिन्यांचं असतानाच, ९ डिसेंबर १९४२ रोजी, डॉ. कोटणीस आजारपणात वारले. वय अवघं ३२. व्ही. शांताराम यांनी १९४६ साली त्यांच्यावर 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' हा चित्रपट काढला.

मोठ्या मुलांना दोन्ही गोष्टी सांगा. १९६२ साली भारत आणि चीन यांच्यात युद्ध झालं, आजही सीमेवर आपले जवान उभे असतात, हे खरं आहे. आणि सोलापूरच्या एका डॉक्टरने चिनी जखमींसाठी जीव झिजवला, हेही खरं आहे. देशांचं भांडण वेगळं आणि माणसं वेगळी, एवढं तिसरीच्या मुलाला नीट कळतं. आपण सांगत नाही म्हणून ते कळायचं राहतं.

ड्रॅगन म्हणजे राक्षस नव्हे

कार्टूनमधला ड्रॅगन आग ओकतो, म्हणून मुलं लगेच "राक्षस, राक्षस!" करतात. चीनमधला ड्रॅगन वेगळा. त्याला तिकडे 'लोंग' म्हणतात. तो नद्यांचा आणि पावसाचा धनी मानला जातो. पाऊस लांबला की मातीचे ड्रॅगन करून पावसासाठी साकडं घालायची प्रथा जुन्या चीनमध्ये होती.

इथे मुलांना विचारा, "आपल्याकडे पाऊस ओढ देतो तेव्हा काय करतात?" एखादं तरी पोर सांगेल, "धोंडी काढतात!" कडुनिंबाचे डहाळे बांधलेला मुलगा दारोदार फिरतो आणि बायका त्याच्या डोक्यावर पाणी ओततात. आभाळाकडे डोळे लावून बसणं काय असतं हे आपल्या तालुक्यातल्या पोरांना शिकवायला लागत नाही. हा दुवा जुळला की ड्रॅगनची भीती जाते.

आता त्याचं रूप सांगा. हरणाची शिंगं, सापाचं अंग, माशाचे खवले, गरुडाचे पंजे. असे अनेक प्राणी मिळून झालेला प्राणी आपल्याकडेही आहे. देवळांवरचा मकर किंवा किल्ल्यांच्या दरवाजावरचा शरभ बघा. फळ्यावर दोन्हीकडची चित्रं काढून तुलना करायला सांगा.

साहित्य (एका मुलासाठी)

ए-फोर आकाराचा एक रंगीत कागद, जुनी लग्नपत्रिका, दोन काड्या, स्केचपेन, कात्री आणि गव्हाच्या पिठाची खळ. काडी विकत आणू नका. कडब्याचं चिपाड हलकं असतं आणि घरोघरी मिळतं. त्याची साल धारदार असते, म्हणून टोकं आपण स्वतः घासून द्यायची. खळीत चिमूटभर मोरचूद घालायची जुनी पद्धत आहे, ती लहान मुलांसाठी अजिबात नको. मोरचूद विषारी असतं. लागेल तेवढी ताजी खळ करा.

कृती

१. कागदाच्या लांबीच्या बाजूने ७ सेमी रुंदीच्या तीन पट्ट्या कापा.

२. दोन पट्ट्यांची टोकं सुमारे दीड सेमी एकमेकांवर चढवून चिकटवा. साधारण ५८ सेमी लांब पट्टी तयार होते. खळ वाळू द्या.

३. दर २ सेमीवर खूण करून पंख्यासारख्या उलटसुलट घड्या घाला. घडी नखाने दाबली पाहिजे, नाहीतर अंग नीट उघडमिट होत नाही.

४. लग्नपत्रिकेतून डोकं कापा. शिंगं, मिशा, पाय आणि शेपूट तिसऱ्या पट्टीतून काढा. खवले स्केचपेनने.

५. डोक्यामागे एक काडी, शेपटीमागे दुसरी काडी चिकटवा.

६. डोळ्यांतल्या बाहुल्या सगळ्यात शेवटी. चीनमध्ये नाचाच्या ड्रॅगनचे डोळे शेवटी रंगवतात. डोळे उघडले की तो जिवंत झाला असं मानतात. सगळ्या वर्गाने एकाच वेळी बाहुल्या रंगवायच्या. आपल्या भाषेत डोळ्यातलीही बाहुली आणि हातातलीही बाहुलीच, ही गंमत मुलांना जरूर सांगा.

यात अभ्यास कुठे आहे?

गणित : ५८ सेमीच्या पट्टीचे २-२ सेमीचे भाग किती? २९. मग घड्या किती? मुलं पटकन २९ म्हणतात. मोजायला लावा. २८ निघतात. "एक कमी का?" याचं उत्तर कागद हातात असलेलं मूल स्वतः शोधतं. कुंपणाच्या खांबांची गणितं पुढे येतात तेव्हा हीच घडी आठवून द्या.

परिसर अभ्यास : नकाशात सोलापूर आणि चीन दाखवा. आपण ज्यावर हे करतोय तो कागदही मुळात चीनचा. इ.स. १०५ च्या सुमारास त्साय लुन या अधिकाऱ्याने कागद करण्याची पद्धत सुधारली असं मानतात.

भाषा : आपल्याकडे काही मुलांच्या घरी कन्नड बोलतात. ड्रॅगनच्या तोंडी दोन वाक्यं द्यायला सांगा, मराठीत, हवं तर आधी कन्नडमध्ये. एरवी गप्प बसणारं मूल बाहुलीच्या आडून बोलतं.

खेळ : तिघांचा एक ड्रॅगन

चिनी नाचात ड्रॅगन एका मोत्याच्या मागे धावतो. म्हणून कागदाचा एक बोळा काडीवर लावून मोती करा. पहिल्या मुलाकडे मोती, दुसऱ्याकडे ड्रॅगनचं डोकं, तिसऱ्याकडे शेपूट. हलगी किंवा नुसत्या बाकाच्या ठेक्यावर चाला.

एकच नियम : कागद फाटता कामा नये. डोकंवाला जोरात पळाला की फाटतो. शेपटीवाल्याने पुढे बघितलं नाही तरी फाटतो. दोन फेऱ्या झाल्या की मुलं आपोआप एकमेकांकडे बघून चालायला लागतात. दर फेरीला जागा बदला. नेहमी शेवटी राहणाऱ्या मुलाच्या हातात मोती आवर्जून द्या.

मूल्यमापन करताना सुबकतेला फार गुण नकोत. घड्या मोजल्या का, दोन प्राण्यांची तुलना सांगता आली का, तिघांनी मिळून नाचवला का, एवढं बघा.

पालकांसाठी

मूल ड्रॅगन घेऊन घरी आलं तर "हे काय चायनाचं?" एवढंच म्हणून सोडू नका. त्याला विचारा, "हा कोण? पाऊस कसा पाडतो? आणि सोलापूरचे कोणते डॉक्टर तिकडे गेले होते?" त्याला सांगू द्या, मधेच तोडू नका. सोलापुरात भैय्या चौक परिसरात डॉ. कोटणीसांचं स्मारक आहे. पुढच्या वेळी बाजाराला किंवा दवाखान्याला सोलापूरला गेलात, तर अर्धा तास काढून मुलाला तिथे घेऊन जा. गोष्टीतले डॉक्टर आपल्याच गावाकडचे होते हे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी बघू द्या.