ग्लायडर ओढणारें विमान

पंख न हालवितां आकाशांत घिरट्या घालणारी घार आमच्या विद्यार्थिमित्रांनीं शाळेच्या पटांगणावरून अनेकदां पाहिली असेल. तापलेल्या जमिनीवरून वर चढणारी हवा तिला उचलून धरते. ग्लायडर नांवाचें बिनएंजिनाचें विमान याच युक्तीनें तरंगतें. परंतु घार त्या हवेपर्यंत स्वतःच्या बळानें पोंचते. ग्लायडरला तेथवर कोणी तरी पोंचवावें लागतें. पुण्याजवळ हडपसर येथें जमिनीवरील यंत्रानें तार गुंडाळून ग्लायडर वर खेंचीत असत. पण तारेच्या लांबीहून अधिक उंची त्या रीतीनें कशी मिळणार? म्हणून दुसरा उपाय निघाला. एक एंजिन असलेल्या लहान विमानाच्या शेपटीला दोर बांधावयाचा आणि ग्लायडर मागें ओढीत न्यावयाचें.

उदाहरणादाखल फ्रान्समधील 'रॉबिन डी.आर. ४००' हें विमान घेऊं. प्येर रॉबिन यांनीं इ. स. १९५७ मध्यें दिझाँ शहराजवळ कारखाना काढला. झाँ देलेमाँतेझ व ते स्वतः, या दोघांच्या नांवांचीं आद्याक्षरें या विमानाला मिळालीं. तें १९७२ मध्यें प्रथम उडालें. त्याचा सांगाडा लांकडी असून वर कापड ताणलेलें असतें, हें ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. पंख मधल्या भागांत सपाट आणि टोंकांकडे वर वळलेले असल्यामुळें तें दुरूनही ओळखूं येतें.

याच विमानाचे दोन अवतार आहेत, एक प्रवासाचा व एक ओढण्याचा. एंजिन दोहोंत १८० अश्वशक्तीचें बसवितां येतें. भेद आहे तो मुख्यतः पुढच्या पंख्यांत. पंख्याचीं पातीं मळसूत्राप्रमाणें हवेंत शिरतात. तीं अधिक तिरपीं असलीं तर एका फेऱ्यांत पुष्कळ अंतर तोडतात, आणि विमान ताशीं सुमारें २५० किलोमीटर जाऊं शकतें. ग्लायडर ओढतांना मात्र वेग त्याच्या निम्म्याहून कमी ठेवावा लागतो, आणि चढण्याचें बळ हवें असतें. तेथें पातीं कमी तिरपीं लागतात. घाट चढतांना मोटार हांकणारा खालचा गिअर घालतो, तोच हा न्याय. यास्तव दोन्ही कामांत सारखेंच निपुण असें विमान मिळणें कठीण.

एंजिनाचे हालही कमी नाहींत. हळू वेगानें पूर्ण जोर लावून चढतांना वारा थोडा लागतो व तें तापतें. ग्लायडर सुटल्यावर वैमानिकानें एकदम जोर काढून खालीं सूर मारला, तर तेंच एंजिन झपाट्यानें निवतें. तापलेल्या कंदिलाच्या कांचेवर पाण्याचा शिंतोडा पडला म्हणजे काय होतें, हें घरोघरीं ठाऊक आहे. म्हणून जोर हळूहळूच कमी करावा लागतो.

परंतु खरा धोका दोराच्या दुसऱ्या टोंकाला असतो. दोर साधारण पन्नास मीटरचा. ग्लायडर आधीं जमीन सोडतें, आणि त्याच्या वैमानिकानें पुढील विमानाच्या मागें नेमकें राहावें लागतें. तो क्षणभर नकाशाकडे पाहूं लागला आणि ग्लायडर भलतेंच वर गेलें, तर दोर पुढील विमानाची शेपटी वर उचलतो व त्याचें नाक जमिनीकडे वळतें. थोड्या उंचीवर असें झालें तर सांवरण्यास दोनतीन सेकंदांपलीकडे वेळ उरत नाहीं. असे अपघात झाले आहेत, आणि त्यांत ओढणारे वैमानिक प्राणांस मुकले आहेत. अति ताण पडल्यास तुटावा म्हणून दोरांत एक कमजोर दुवा घातलेला असतो. पण या प्रसंगीं तो तुटेलच असा भरंवसा नाहीं. म्हणून ओढणारा समोरच्या आरशांत ग्लायडर न्याहाळीत राहतो, आणि दोर सोडण्याची कळ हाताशीं ठेवतो. त्यानें पंख डावेउजवे डोलविले कीं ग्लायडरनें तत्काळ दोर सोडावा, अशी खूण ठरलेली आहे.

सुमारें सहाशें मीटर उंचीवर ग्लायडर सुटतें. तें एका बाजूस वळतें, विमान दुसऱ्या बाजूस. पुढें तासन्‌तास तरंगण्याचा आनंद ग्लायडरवाल्याचा. ओढणाऱ्याचें नांव सहसा कोणी विचारीत नाहीं, हें आम्हांस थोडें अन्यायाचें वाटतें. तो मात्र मागें लोंबणारा दोर कुंपणांत अडकूं नये म्हणून जरा उंचावरून धांवपट्टीवर येतो. पुढचें ग्लायडर तोंवर रांगेंत उभेंच असतें.