पक्ष, दबावगट आणि चळवळ : नाशिकच्या इतिहासाच्या आधारे

राजकीय पक्ष, दबावगट आणि सामाजिक चळवळ यांच्या व्याख्या विद्यार्थी पाठ करतात आणि उत्तरपत्रिकेत त्यांची सरमिसळ करतात. हा दोष सर्वस्वी त्यांचा आहे, असे आम्हांस वाटत नाही. मोर्चा तिघांचाही निघतो, घोषणा आणि झेंडे तिघांकडेही असतात. म्हणून बाह्य रूप बाजूला ठेवून, कोणाला काय हवे आहे, हे विचारावे. पक्षाला सत्ता स्वतःच्या हाती हवी असते, म्हणून तो निवडणूक लढवितो. दबावगट सत्तेबाहेर राहून आपल्या हिताचा निर्णय मागतो. चळवळीचा रोख बहुधा समाजाच्या रूढ व्यवस्थेवरच असतो.

२ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. मंदिराच्या दारांशी स्त्रिया व पुरुष सत्याग्रही बसले. स्थानिक पातळीवर दादासाहेब गायकवाडांनी ही लढत चिकाटीने चालविली. येथे उमेदवार नव्हता, मतपेटी नव्हती. काही वर्षे झुंज चालली, तरी दार उघडले नाही. मागणी मान्य होणे ही दबावगटाची फूटपट्टी लावली, तर हा लढा हरला असेच म्हणावे लागेल. परंतु मार्च १९३४ मध्ये बाबासाहेबांनी दादासाहेबांना लिहिलेल्या पत्रात सत्याग्रहाचा हेतू स्पष्ट केला आहे : मूर्तिपूजक होण्यासाठी तो नव्हता, दलित वर्गात चेतना जागविण्याचा तो मार्ग होता, आणि यापुढे शक्ती राजकारण व शिक्षण यांकडे वळवावी. पुढे १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवले येथे धर्मांतराची घोषणा झाली. आपण ज्या धम्माच्या छायेत शिकतो, त्याची वाट अशी या बंद दारावरून गेली आहे.

ऑगस्ट १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन झाला. १९३७ च्या निवडणुकीत दादासाहेब मुंबई विधानसभेवर निवडून आले, आणि त्याच वर्षी बाबासाहेबांनी सभागृहात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. ते संमत झाले नाही. विधेयक मांडण्याचा अधिकार पक्षाने मिळवून दिला; सरकार मात्र काँग्रेसचे होते. चळवळीला माणसांची निष्ठा पुरते, पक्षाला सभागृहात संख्याही लागते.

दबावगटाचे उदाहरण कांद्यात आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावताच जिल्ह्यातील बाजार समित्यांत लिलाव बंद पडले. व्यापाऱ्यांना सरकार पाडावयाचे नव्हते, शुल्क हटवावयाचे होते. शरद जोशींची शेतकरी संघटना १९८० मध्ये कांदा व उसाच्या भावासाठी याच भागात रस्त्यावर उतरली होती. पुढे १९९४ मध्ये जोशींनीच स्वतंत्र भारत पक्ष काढला. रूपे अशी बदलतात.

आणि कधी एकत्रही येतात. दादासाहेब संसदेचे सदस्य व रिपब्लिकन पक्षाचे नेते असतानाच १९६४-६५ मध्ये त्यांनी भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह केला. नेते पक्षाचे, जमिनीची मागणी सरकारकडे, आणि तुरुंगात जाणारे हजारो लोक पिढ्यान्‌पिढ्यांच्या व्यवस्थेविरुद्ध उभे. हा लढा कोणत्या रकान्यात लिहावा, असा प्रश्न आम्ही परीक्षेत विचारतो. एका शब्दात उत्तर देणाऱ्यापेक्षा तिन्ही बाजूंची कारणे लिहिणाऱ्यास आम्ही अधिक गुण देतो.