डेहण्यात दोन रात्री

शहापूर-मुरबाड म्हटलं की भटक्यांच्या तोंडी माहुली, गोरखगड, सिद्धगड, नाणेघाट अशी यादीच सुरू होते. एकदा ती यादी बाजूला ठेवा आणि एकाच गावात दोन रात्री राहा. मी नाव सुचवेन डेहण्याचं. शहापूर तालुक्याच्या पूर्व टोकाला, आजोबाच्या डोंगराच्या पायथ्याशी हे गाव आहे.

कसारा लोकलने आसनगावला उतरायचं, रिक्षाने शहापूरच्या एसटी स्थानकात यायचं आणि तिथून डोळखांबमार्गे डेहणे. गाड्या मोजक्या असतात, म्हणून सकाळीच निघा. औषधं, टॉर्चचे सेल, रोख पैसे शहापुरातच घ्या. शनिवारी रात्रभर स्पीकर वाजवणारी फार्महाऊस टाळा. गावातल्याच एखाद्या घरी आधी बोलून राहण्या-जेवणाची सोय करा आणि पैसे मोकळ्या हाताने द्या.

जावं दसऱ्यानंतर. भातकापणी चालू असते, मग खळ्यावर झोडणी. तांदळाची नाहीतर नागलीची गरम भाकरी, उडदाचं वरण, मिरचीचा ठेचा एवढ्यावर दुपारची झोप छान लागते. खवय्यांनी मात्र पहिल्या पावसात, जूनमध्ये जावं. तेव्हा जंगलात शेवळं उगवतात. ती नुसती शिजवली तर घसा खाजतो, म्हणून भाजीत काकडाची आंबट फळं घालतात. साफ करण्यात सकाळ जाते, पण तुम्हाला तरी कुठे जायचंय? ओट्यावर बसून हात लावा; कोणती रानभाजी कधी येते, कशी शिजवायची, हे सगळं घरच्या बायकांकडून ऐकायला मिळेल.

चालायचंच असेल तर सकाळी वाटाड्या घेऊन वाल्मीकी आश्रमापर्यंत जा. वाट दाट झाडीतून चढते. लव-कुश इथेच वाढले अशी गावकऱ्यांची श्रद्धा आहे. सीतेचा पाळणा आणखी वर आहे, पण तिथली चढाई अवघड. विश्रांतीसाठी आलेल्यांनी आश्रमातच थांबावं. साम्रदहून सांदण दरी उतरून आलेले थकलेले ट्रेकर डेहण्यात भेटतील. त्यांच्या गप्पा जरूर ऐका, पावसाळ्यात त्या दरीत शिरू मात्र नका.

अंधार पडल्यावर गावाबाहेर एकट्याने फिरू नये. हा बिबट्यांचा मुलूख आहे. २००९ मध्ये माळशेज घाटात रेडिओ कॉलर लावून सोडलेला ‘आजोबा’ नावाचा बिबट्या सुमारे सव्वाशे किलोमीटर चालत थेट मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पोहोचला होता. सापविंचवांसाठी टॉर्च हाताशी ठेवा आणि बूट झटकूनच घाला. साप चावलाच तर मांत्रिकाकडे वेळ न घालवता गाडी करून शहापूरचं उपजिल्हा रुग्णालय गाठा.

परतीच्या एसटीची वेळ पहिल्याच दिवशी उतरताना वाहकाला विचारून ठेवा.