अपघाताची नुकसानभरपाई

मोटार-अपघातात जखमी झालेल्या मनुष्यास भरपाई किती मिळावी? आम्ही एक उदाहरण घेतो. एका सुताराचा व एका कारकुनाचा डावा हात तुटला. दोघांची मिळकत सारखी, देहाची हानीही सारखी; परंतु सुताराचा धंदा बुडाला, कारकुनाची लेखणी चालू राहिली. यास्तव कमाईच्या हानीबद्दल सुतारास अधिक रक्कम मिळणे न्याय्य होय. हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली स्पष्ट केले. औषधोपचार, बुडालेली मजुरी व वेदना यांचा हिशेब निराळा. दावा न्यायाधिकरणापुढे चालतो. तेथे पावत्या व पगाराचा दाखला पुराव्यास लागतात. म्हणून, मुलांनो, घरी अशी विपत्ती आल्यास प्रत्येक कागद जपून ठेवा. भरपाई मागणे ही भिक्षा नव्हे. जखमी मनुष्याचा बुडालेला वेळ व औषधोपचार यांची भरपाई द्यावी, असे निर्गमाच्या 21 व्या अध्यायातही सांगितले आहे.